हाड काळं कसं?

मसुद्याच्या समासात पेन्सिलीनं तीन शब्द लिहिलेले होते: ‘हाड काळं कसं?’ लेख एमआरआयवरचा, संदर्भकोशासाठी लिहिलेला, चांगला चार हजार शब्दांचा. पहिल्याच पानावर दोन चित्रं शेजारीशेजारी छापलेली. डावीकडच्याखाली ‘मेंदूचा सीटी स्कॅन’, उजवीकडच्याखाली ‘मेंदूचा एमआरआय’, बस्स. डावीकडे कवटी चुन्यानं आखल्यासारखी पांढरीशुभ्र, उजवीकडे तिच्याच जागी काळी पट्टी. प्रश्न विचारणारा वैद्यकातला नव्हता, मुद्रितं तपासणारा होता, म्हणून त्याला तो दिसला. रोज अशी चित्रं पाहणाऱ्याची नजर त्या काळ्या पट्टीवरून केव्हाच घसरून पुढे गेलेली असते. लेखात एमआरआयच्या पायाचं काम करणारे लॉटरबर आणि मॅन्सफील्ड होते, चुंबक थंड ठेवणारं द्रवरूप हेलियम होतं, चुंबकीय क्षेत्राचं एकक टेस्ला होतं, भोवऱ्यासारख्या डुलणाऱ्या प्रोटॉनची आकृतीसुद्धा होती. एकही वाक्य चुकीचं म्हणून खोडता आलं नसतं. तरी त्या तीन शब्दांचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं.

उत्तर अवघड आहे असंही नाही. सीटीच्या चित्रातली प्रत्येक छटा एकाच गोष्टीची असते: त्या ठिकाणी क्ष-किरण किती अडले. हाडात कॅल्शियम भरलेलं, ते किरण जास्त अडवतं, म्हणून पांढरं. एमआरआयच्या चित्रातली छटा असते हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून परत आलेल्या रेडिओ संदेशाची. घट्ट हाडात पाणी थोडं, आणि जे आहे ते इतकं जखडलेलं, की त्याचा संदेश एका मिलिसेकंदाच्या आतच विझतो. नेहमीच्या पद्धतीत यंत्र तो ऐकायला लागतं काही मिलिसेकंदांनंतर, कधी ऐंशी-शंभर मिलिसेकंदांनंतर. तोवर हाड गप्प झालेलं असतं. जिथून काही ऐकू आलं नाही ती जागा काळी. हवाही काळी, दगडासारखी घट्ट कॅल्शियमची गाठ काळी, वेगानं वाहून गेलेलं रक्तही बऱ्याचदा काळं. एकाच काळ्या रंगाची चार कारणं. एवढंसं ते उत्तर, पण लेखात ते बसणार कुठे? ‘भौतिकी’ हा भाग प्रोटॉनपाशी संपला होता आणि ‘उपयोग’ हा भाग थेट गाठी, पक्षाघात आणि सरकलेल्या मणक्यांपासून सुरू झाला होता. दोहोंच्या मधली जागा रिकामी होती, आणि चित्र नेमकं त्या जागेत राहतं.

पडद्यावरचा हा करडा रंग नेमका कशाचा आहे?

वैद्यकीय प्रतिमांविषयीच्या प्रत्येक संदर्भलेखाचा कणा हाच प्रश्न असायला हवा, असं मला वाटतं. प्रत्यक्षात कणा म्हणून उभा केला जातो तो इतिहास. ८ नोव्हेंबर १८९५, क्ष-किरण शोधणारा रॉन्टगेन, काळ्या कागदात गुंडाळलेली नळी, पत्नीच्या हाताची हाडं आणि बोटातली अंगठी. गोष्ट इतकी देखणी की लिहिणाऱ्याला ती सोडवत नाही. मग सीटीच्या लेखातही पहिला परिच्छेद १८९५चा, आणि अल्ट्रासाउंडचा लेख १८८० साली क्युरी बंधूंनी दाबलेल्या स्फटिकांपासून. ज्याला उद्या सकाळी त्या यंत्रात झोपायचं आहे तो वाचक दोन परिच्छेद वाट बघतो आणि पान मिटतो. इतिहास काढून टाकावा असं मी म्हणत नाही. त्याला एक कसोटी लावावी: ही जुनी गोष्ट आजच्या चित्रातलं काही उलगडते का? सीटीचं यंत्र बनवणाऱ्या हाऊन्सफील्डचं नाव उलगडतं, कारण सीटीच्या छटेचं एकक आजही त्याच्या नावानं मोजतात: पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे शंभराच्या आसपास, घट्ट हाड अधिक हजाराच्या घरात किंवा त्याही पुढे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी निघाला, तेव्हाचं चित्र ८० गुणिले ८० चौकटींचं होतं आणि एका फेरीला पाचेक मिनिटं लागत. डोकं एका पाण्याच्या पेटीत रबरी टोपीतून खुपसावं लागे. ती पेटी सांगावी, कारण नुसतं डोकंच तपासता येईल असं ते यंत्र का होतं, हे तिच्यामुळे कळतं. तसंच एमआरआयच्या जुन्या नावातल्या ‘न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स’मधला पहिला शब्द पुढे गळला, हेही सांगण्याजोगं आहे. तो अणुकेंद्राविषयी होता, किरणोत्सर्गाविषयी नव्हता, पण ऐकणाऱ्याला तसं वाटत नसे. बाकी सनावळ्या लेखाच्या तळाशी सुखानं राहू शकतात.

मग सुरुवात कशानं करायची? चार गोष्टी, ठरलेल्या क्रमानं: शरीरात काय पाठवलं, आत त्याचं काय झालं, बाहेर काय आलं, आणि त्यातून पडद्यावर काय मांडलं. अल्ट्रासाउंड घ्या. आत जातो तो कानाला न ऐकू येणारा आवाज, साधारण २ ते १८ मेगाहर्ट्झचा. मऊ ऊतींत तो सेकंदाला १५४० मीटर जातो असं यंत्र धरून चालतं. जिथे एक ऊती संपून दुसरी लागते तिथे थोडा आवाज परत फिरतो. परत यायला लागलेला वेळ म्हणजे खोली, दर सेंटिमीटरला जाऊन-येऊन १३ मायक्रोसेकंद. परतलेल्या आवाजाचा जोर म्हणजे ठिपक्याचा उजेड. चार-पाच वाक्यांत सगळं आलं, आणि पुढचं किती तरी आपोआप सुटलं. जेल का लावतात? प्रोब (अंगावर फिरवतात तो आवाज सोडणारा-ऐकणारा भाग) आणि त्वचा यांच्यात हवेचा पापुद्रा राहिला तर जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परततो. थायरॉइडला एक प्रोब आणि पोटाला दुसरा का? वारंवारता वाढली की बारकावा वाढतो पण आवाज लवकर विरतो, म्हणून वरवरच्या ग्रंथीला १० मेगाहर्ट्झच्या पुढचा, खोल यकृताला ३ ते ५चा. आणि ते ‘धरून चालतं’ हे शब्द लेखात ठेवायलाच हवेत. चरबीत आवाज त्याहून हळू जातो, त्यामुळे खोली किंचित चुकते. यंत्र गृहीत काय धरतं हे सांगितलं नाही तर ते चुकतं कसं हेही सांगता येत नाही.

पेट स्कॅनला हा क्रम लावताना मजा येते, कारण तिथे बाहेरून किरण सोडलेच जात नाहीत. फ्लोरिन-१८ चिकटवलेली साखरेसारखी एक वस्तू शिरेतून देतात. तिच्यातून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघं नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण जवळपास विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतालच्या कड्यातल्या दोन शोधकांना ते एकाच क्षणी लागले, की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी तो प्रसंग घडला एवढं कळतं. अशा असंख्य रेषांतून चित्र उभं राहतं. इथे उजेडाचा अर्थ ‘साखर कुठे ओढली गेली’ एवढाच. म्हणून निरोगी माणसाच्या चित्रातही मेंदू लखलखतो, कारण त्याला साखर लागते, आणि मूत्राशयही लखलखतं, कारण औषध तिथून बाहेर पडत असतं. चित्राखाली हे लिहिलं नाही तर वाचक त्या दोन्ही जागांवर बोट ठेवून घाबरतो. फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं, हा आकडा ‘गुणधर्म’ नावाच्या तक्त्यात टाकून दिलेला पुष्कळदा दिसतो. त्याची खरी जागा तपासणीच्या वर्णनात आहे. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं आणि मग स्कॅन, हे वेळापत्रक दोन गोष्टी सांभाळतं: साखर पेशींत पोचली पाहिजे, आणि तोवर किरणोत्सारी पदार्थ संपून जाता कामा नये.

मराठीत लिहिताना एक जास्तीची पंचाईत असते. ‘एक्सरे काढला’ म्हणतो तेव्हा आपण चित्राबद्दल बोलतो, ‘क्ष-किरण’ म्हणतो तेव्हा किरणांबद्दल. ही सोय भाषेनं आपसूक दिलेली आहे, ती वापरावी आणि लेखभर पाळावी. सोनोग्राफी ही तपासणी, अल्ट्रासाउंड हा आवाज. हाही भेद पाळण्याजोगा. घोटाळा होतो तो ‘किरणोत्सर्ग’ या शब्दाचा. सीटी, पेट, एक्सरे सगळ्यांना तोच एक शब्द लावला की वाचकाला वाटतं सीटी करून आलेला माणूस घरी किरणं सांडत फिरतो. क्ष-किरणांची नळी बंद झाली की मागे काहीच उरत नाही. पेटनंतर मात्र काही तास शरीरातून किरण खरोखरच बाहेर पडत असतात. पहिल्याला प्रारण म्हणावं, दुसऱ्या ठिकाणी किरणोत्सारी पदार्थ म्हणावा, आणि पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात फरक सांगून टाकावा. ‘चुंबकीय अनुस्पंदन’ हा शब्दही एकदा द्यावा, म्हणजे कोशाचा मान राहतो, पण पुढे एमआरआयच लिहावं. तपासणीच्या चिठ्ठीवर तेच लिहिलेलं असतं आणि वाचक तेच शोधत येतो.

शोधत येतो म्हणजे एकाच दारानं येतो असं नाही. कुणाला यंत्र हवं असतं, कुणाला भौतिकी, कुणाला गुडघ्याची तपासणी. तिन्ही एकाच लेखात कोंबली की लेख सुजतो, आणि तीन लेख केले की तीच वाक्यं तीन ठिकाणी उगवतात. मग एका ठिकाणी दुरुस्त झालेला आकडा दुसरीकडे तसाच राहतो. यावर एकच बरा उपाय दिसतो: प्रत्येक गोष्टीचं एक घर ठरवायचं आणि बाकी ठिकाणी तिचा दोन ओळींचा सारांश ठेवायचा. टी-वन आणि टी-टू या एमआरआयची चित्रं काढण्याच्या दोन पद्धती, त्यांची भौतिकी एका लेखात राहील. गुडघ्याच्या लेखात तिची आठवण एवढीच, की टी-टूच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, म्हणून सांध्यात साठलेला द्रव उठून दिसतो.

भौतिकी किती द्यायची याचं माझं माप साधं आहे. एक आकडा असा द्यावा की ज्यावर वाचक स्वतः गुणाकार करू शकेल. हायड्रोजनचं केंद्र १ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात सेकंदाला ४.२५८ कोटी वेळा डुलतं, म्हणजे ४२.५८ मेगाहर्ट्झ. दीडनं गुणलं की ६३.९. दीड टेस्लाच्या यंत्राची रेडिओ वारंवारता ती हीच. मग ग्रेडियंट कॉइल समजावणं सोपं जातं: जागोजागी क्षेत्र जरासं कमी-जास्त केलं की जागोजागीचे प्रोटॉन जरा वेगळ्या सुरात बोलतात, आणि सुरावरून जागा ओळखता येते. याच कॉइलींमधला प्रवाह झपाट्यानं बदलत असताना चुंबकीय क्षेत्र त्यांना हिसके देतं, आणि तो ठोकाठोकीचा, शंभर डेसिबलच्याही वर जाऊ शकणारा आवाज त्यांचाच. कानात बोळे का घालतात याचं उत्तर भौतिकीच्याच भागात मिळालं. आवाज ‘रुग्णाचा अनुभव’ या वेगळ्या खोलीत नेऊन ठेवला की तो नुसती तक्रार होऊन बसतो.

धोक्यांचा भाग सगळ्यांत जपून लिहावा लागतो, आणि सगळ्यांत घाईनं तोच लिहिला जातो. ‘छातीच्या सीटीचं प्रारण ७ मिलिसिव्हर्ट’ (मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या प्रारणाचं माप) असं वाक्य एकटं उभं केलं की ते काहीच सांगत नाही. त्याच्याशेजारी छातीच्या साध्या एक्सरेचा सुमारे ०.१ आणि निसर्गातून जगभरच्या माणसाला वर्षाला सरासरी मिळणारा २.४ मिलिसिव्हर्ट ठेवला तर काही बोध होतो. त्यातही ‘७’ हा मध्यवर्ती अंदाज. फुप्फुसाच्या चाळणी तपासणीसाठी मुद्दाम कमी प्रारणात काढलेला सीटी दीडच्या आसपास असतो. म्हणून आकड्यासोबत तपासणीचा प्रकार हवाच. दुसरी चूक जास्त खोल आहे. यंत्र पडद्यावर जो सीटीडीआय, म्हणजे सीटीच्या डोसचा निर्देशांक, दाखवतं, तो रुग्णाला मिळालेला डोस म्हणून लेखात उतरवला जातो. तो असतो ॲक्रिलिकच्या एका भरीव गोल ठोकळ्यातला डोस, डोक्यासाठी १६ सेंटिमीटर व्यासाचा, धडासाठी ३२. सडपातळ माणसाला प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळतो, जाड माणसाला कमी. हे एक वाक्य न लिहिल्यानं आकडा अचूक राहूनही लेख खोटं बोलतो. एमआरआयचे धोके तर याच तक्त्यात बसतच नाहीत. तिथे आयनीकारक प्रारण नाही, म्हणून ‘निर्धोक’ असं लिहून मोकळं होण्याचा मोह पडतो. पण अतिवाहक चुंबक यंत्र वापरात नसतानाही, मध्यरात्रीही, चालूच असतं. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीसेक हजार पट. लोखंडी सिलिंडर त्याच्याकडे झेपावतो तो रात्रीही. चुंबक थंड ठेवणारं द्रवरूप हेलियम उकळून सुटलं तर आकारमानानं सुमारे ७०० पट वायू होतं, आणि बाहेर नेणारा पाइप तुंबलेला असेल तर खोलीतला प्राणवायू हटतो. एमआरआयचं चित्र उठून दिसावं म्हणून दिलं जाणारं गॅडोलिनियमचं इंजेक्शन आणि मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांतला त्वचा ताठरण्याचा विकार यांचा संबंध २००६ साली पुढे आला. तो लिहिताना गॅडोलिनियमच्या सगळ्या संयुगांचा धोका सारखा नाही, हे त्याच परिच्छेदात हवं, खालच्या टिपेत नको.

आणि आदेश देऊ नयेत. ‘दागिने काढून ठेवावेत’ हे तपासणी केंद्राच्या पाटीवर शोभतं. संदर्भलेखात ‘दागिने काढायला सांगतात, कारण...’ असं वाक्य हवं. त्यातल्या ‘कारण’पुढे जे येतं त्यासाठीच तो लेख आहे.

चित्रांपाशी मात्र मला रेंगाळावंसं वाटतं, कारण अशा लेखांत चित्रं शेवटी, घाईत, मिळतील तशी चिकटवलेली असतात. चित्राखालच्या ओळीत किमान पाच गोष्टी हव्यात: कोणती पद्धत, कोणत्या दिशेचा काप, कोणती विंडो किंवा कोणतं भारण (टी-वन की टी-टू), कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्रात उठाव आणणारं औषध दिलं होतं का, आणि बघायचं काय. विंडो म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत नसतं आणि लेख सांगत नाहीत. सीटीच्या मोजमापात ४०९६ पायऱ्या मावतात, साध्या पडद्यावर २५६ छटा. म्हणून मधला एक पट्टा निवडून तेवढाच ताणायचा. मेंदूसाठी ० ते ८० हा पट्टा घेतला तर ताजं रक्त दिसतं, पण त्याच्या वरचं सगळं हाड एकसारखं पांढरं होतं आणि कवटीतली बारीक चीर त्या पांढऱ्यात बुडते. तोच काप, तीच मोजमापं, हाडाच्या रुंद पट्ट्यात पाहिली की चीर दिसते आणि मेंदू सपाट करड्या लगद्यासारखा. एकाच कापाची अशी दोन चित्रं शेजारी छापावीत. शंभर ओळींचं काम होतं.

डावं-उजवं हाही असाच प्रांत. आडवा काप रुग्णाच्या पायांकडून पाहिल्यासारखा मांडतात, त्यामुळे चित्राच्या डाव्या हाताला रुग्णाची उजवी बाजू येते. यकृत डावीकडे दिसलं की अनभिज्ञ वाचक चित्र उलटं छापलंय असं समजतो, आणि एखादा उत्साही मांडणीकार ते सरळ करतोही! छातीच्या एक्सरेत किरण पाठीकडून आले की पुढून, हे लिहावं. पुढून काढलेल्या चित्रात हृदय फिल्मपासून लांब पडतं आणि मोठं दिसतं. शिवाय चित्र कुणाचं आहे ते कळता कामा नये. यंत्रातून निघणाऱ्या मूळ, ‘डायकॉम’ प्रकारच्या फाइलमध्ये नाव, जन्मतारीख वेगळ्या रकान्यांत असतात. साध्या चित्रात रूपांतर केलं की ते रकाने जातात म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि सोनोग्राफीच्या चित्रात कोपऱ्यात थेट छापलेलं नाव तसंच राहतं. संपूर्ण डोक्याच्या स्कॅनचे सगळे काप दिले तर त्यातून चेहरा पुन्हा उभा करता येतो. एखादा मधला काप पुरतो.

फसव्या खुणांना बहुतेक लेख ‘मर्यादा’ नावाच्या एका रुक्ष वाक्यात गुंडाळतात. वास्तविक यंत्र कसं चालतं हे समजवायला त्यांच्याइतकं चांगलं साधन नाही. सीटीत समकेंद्री वर्तुळं उमटली की कड्यातला एखादा शोधक बिघडलाय. तो फिरत फिरत स्वतःची चूक गोलाकार गिरवतो. दातातल्या धातूपासून किरणांसारखे पट्टे निघतात, कारण त्या रेषेत शोधकाला पुरेसे किरण पोचतच नाहीत. एमआरआयत पाहण्याचं क्षेत्र लहान धरलं तर नाक डोक्याच्या मागे उगवतं. सोनोग्राफीत पित्तखड्यामागे काळी सावली पडते, आणि ही चूक तर इतकी उपयोगी की तिच्यावरूनच खडा ओळखतात. यातली प्रत्येक खूण तिच्या कारणाजवळ ठेवावी. शोधकांचं कडं समजावलं की लगेच वर्तुळं.

शिळं होणारं वेगळं ठेवावं, एवढं उरकून टाकतो. ‘अलीकडे’, ‘नवीनतम’, ‘सध्याचा सर्वांत शक्तिशाली’ हे शब्द दोन वर्षांत लेखाला म्हातारं करतात. फोटॉन मोजणाऱ्या सीटीला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२१मध्ये मान्यता दिली, असं सालासकट लिहिलेलं वाक्य कधीच शिळं होत नाही.

तर ती दोन चित्रं. त्यांच्याखालची ओळ अखेर अशी झाली: ‘एकाच पातळीवरचे दोन आडवे काप; रुग्णाची उजवी बाजू चित्राच्या डावीकडे. डावीकडे सीटी, मेंदूची विंडो, कॉन्ट्रास्टशिवाय: छटा म्हणजे क्ष-किरण किती अडले, म्हणून कवटी पांढरी. उजवीकडे एमआरआय, टी-वन, कॉन्ट्रास्टशिवाय: छटा म्हणजे हायड्रोजनचा संदेश, कवटीच्या घट्ट हाडाचा संदेश ऐकण्यापूर्वीच विझतो, म्हणून ती काळी.’ मसुदा परत गेला आणि परत आला. पहिला प्रश्न खोडलेला होता. त्याच्याखाली त्याच पेन्सिलीनं, उजवीकडच्या चित्राकडे बाण काढून, नवा: ‘दोन काळ्या रेघांच्या मधे पांढरी रेघ कसली?’ बरोबर होतं. कवटीचं हाड सलग नसतं, दोन घट्ट पत्र्यांच्या मधे मज्जा असते. मज्जेत चरबी, आणि टी-वनच्या चित्रात चरबी उजळ. ओळीत अजून चार शब्दांची जागा होती.